रेडिएटर बदलण्याआधी : रोटरी इंजिनाच्या तापाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी स्वतः बांधलेल्या दोन आसनी विमानात माझदा मोटारीचं १३बी रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरतो ते, वँकेल) आहे. विमानाला शेपटीचं चाक आहे. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर चालवताना, कुलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ८५ अंशांवर राहतं. उड्डाणानंतर चढताना मात्र चार मिनिटांत ११० ला पोचतं आणि सपाट उडू लागलं की ९२ वर उतरतं. दीडपट मोठा रेडिएटर लावला, फरक शून्य. मग थर्मोस्टॅट काढला, तर ताप आणखी वाढला! हे इंजिन आता विकून टाकावं का?

उत्तर : विकू नका. तुमचं पत्र वाचून मला हसू आलं, कारण या सगळ्या चुका मी याच क्रमाने केल्या आहेत. फरक एवढाच, की मी रेडिएटर तीनदा बदलला.

आधी थर्मोस्टॅटचं बघू, कारण ते तुम्ही स्वतः ओढवून घेतलेलं दुखणं आहे. या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला खाली आणखी एक चकती असते. इंजिन तापलं की वरची झडप रेडिएटरची वाट उघडते आणि ती खालची चकती बायपासचं भोक बंद करते. थर्मोस्टॅट काढला की भोक उघडंच राहतं. मग पाण्याचा बराच भाग रेडिएटरकडे न जाता पंपातून इंजिनात आणि इंजिनातून पुन्हा पंपात फिरत राहतो. एक तर थर्मोस्टॅट परत बसवा, नाही तर त्या भोकात आटे पाडून प्लग बसवा. तिसरा मार्ग नाही.

आता मूळ दुखणं. रेडिएटरच्या आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या होजवर एकेक सेन्सर बसवा. एका गेजवर दोन्ही आकडे दिसले तर उत्तम. समजा इंजिन कुलंटला ६० किलोवॅट उष्णता देतंय आणि निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असलेलं मिश्रण मिनिटाला १०० लिटर फिरतंय, तर दोन आकड्यांत साधारण १० अंशांचा फरक पडेल. फरक २० ते २५ अंश आला तर रेडिएटरमधून पुरेसं पाणी जात नाहीये. बायपास उघडा असेल, होज आत ओढली जाऊन चपटी होत असेल किंवा कुठे तरी हवा अडकली असेल. फरक ८ ते १० च आहे आणि तरीही काटा चढतोय, तर पाण्याला दोष देऊ नका. दोष हवेच्या वाटेत आहे.

तुमच्या वर्णनावरून मला दोन्हीचा वास येतोय.

अडकलेल्या हवेचं बघा. मोटारीत या इंजिनाचा वॉटर पंप पुढे असतो. आपण विमानात इंजिन उलटं बसवतो. फ्लायव्हीलची बाजू पंख्याकडे जाते आणि पंप मागे, फायरवॉलकडे (इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीकडे). विमान शेपटीवर टेकलेलं असताना नाक वर असतं, म्हणजे सर्वांत उंच जागा फ्लायव्हीलकडच्या लोखंडी हाउसिंगच्या टोकाशी असते आणि कुलंट भरायचं तोंड तिच्या खाली. तुम्ही काठोकाठ भरलंत तरी तिकडे हवेचा फुगा राहतो, आणि चढताना नाक पुन्हा वर होतं तेव्हा तो तिथेच जाऊन बसतो. शेपूट घोडीवर उचलून विमान सपाट करा, मग भरा. त्याच टोकाला एक बारीक नळी काढून एक्स्पान्शन टाकीला कायमची जोडून टाका. माझे निम्मे त्रास या एका नळीने संपले. ती बसवायला एक दुपार लागली, आणि तोवर मी दोन वर्षं वेगवेगळ्या कॅटलॉगांतले रेडिएटर न्याहाळत बसलो होतो!

आता हवा. चढताना तुम्ही पूर्ण ताकद वापरता आणि वेग मात्र कमी असतो. समुद्रसपाटीच्या हवेत १२० नॉट वेगाला समोरच्या हवेचा दाब सुमारे २४० मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. ८० नॉटला तो १०५ च्या आसपास येतो. उष्णता सगळ्यांत जास्त आणि ढकलायला निम्म्याहून कमी दाब. म्हणून रेडिएटरची खरी परीक्षा चढणीतच होते.

या दाबातला किती रेडिएटरला मिळतो ते मोजता येतं. दोन पारदर्शक नळ्या घ्या. एकीचं तोंड रेडिएटरच्या पुढे ठेवा, दुसरीचं मागे. दोन्ही कॉकपिटमध्ये आणून रंगीत पाण्याच्या यू नळीला जोडा; तिच्या दोन बाजूंच्या पातळीतला फरक म्हणजे रेडिएटरला मिळणारा दाब. तोंडं वाऱ्याच्या थेट झोतात ठेवू नका, नाही तर आकडा खोटा येतो. सोबत कोणाला तरी न्या. आकडे त्याने लिहायचे, तुम्ही विमान उडवायचं. माझ्या विमानात ८० नॉटला फरक निघाला फक्त २० मिलिमीटर. हवा आत येत होती, पण काउलच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत आधीच दाब साठल्यामुळे तिला बाहेर जायला वाट नव्हती. मी इतके दिवस पुढचं तोंड मोठं करत होतो. अडचण मागे होती. बाहेर पडायची वाट रुंद केली, तिच्या पुढच्या काठाला बाहेर झुकलेली पट्टी लावली आणि रेडिएटरच्या कडेने डक्टमध्ये (हवा आणणाऱ्या बोगद्यात) राहिलेल्या फटी फोम व सिलिकॉनने बुजवल्या. फरक ६० वर गेला आणि चढणीतला काटा ९८ च्या वर जाईना. अंगठा जाईल एवढी फटही सोडू नका. हवेला रेडिएटरच्या पातळ फिनमधून जाण्यापेक्षा फटीतून जाणं सोपं असतं, आणि ती सोपीच वाट धरते.

तोवर काटा १०० च्या पुढे गेला तर थ्रॉटल कमी करा आणि नाक खाली घ्या.

प्रश्न : माझं पाणी ८८ वर असतं, पण ऑइल ११८ वर जातं. आधीच्या पिस्टन इंजिनाचाच ऑइल कूलर वापरलाय, तो तेव्हा पुरत होता.

उत्तर : तेव्हा पुरत होता, कारण तिथे ऑइलचं मुख्य काम वंगणाचं होतं. १३बीमध्ये ऑइल रोटरच्या पोटात फवारलं जातं आणि रोटर त्यानेच थंड होतो. पाणी आणि ऑइल मिळून जी उष्णता बाहेर टाकतात, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश वाटा ऑइलचा. म्हणून इथे ऑइल कूलर हा दुसरा रेडिएटरच समजायचा. (सगळ्याच रोटरी इंजिनांत असं नसतं. एएसएच २६ ई या मोटर ग्लायडरच्या एका रोटरच्या इंजिनात हाउसिंग पाण्याने थंड होतं, पण रोटर हवेने.) तुमचा कूलर रेडिएटरच्या मागे, त्याच डक्टमध्ये असेल, तर त्याला ७०-८० अंशांची हवा मिळते. त्याला स्वतःचं तोंड आणि स्वतःची बाहेरची वाट द्या.

प्रश्न : पहिल्या महायुद्धातल्या विमानांना रोटरी इंजिनं होती असं वाचलं. ती पाण्याशिवाय कशी चालत?

उत्तर : ती वेगळी जात. त्यांत शाफ्ट स्थिर आणि सिलिंडरच पंख्याबरोबर गरगर फिरत, त्यामुळे वारा आपोआप मिळे. आपलं रोटरी म्हणजे वँकेल, आणि त्याचं पहिलं प्रायोगिक इंजिन चाललं १९५७ मध्ये.

प्रश्न : परवा चढताना काटा ९५ वरून एकदम ६० वर आला. सगळं ठीक झालं असं समजून मी उडत राहिलो. उतरल्यावर होज फुटलेली दिसली.

उत्तर : तुम्ही पत्र लिहायला सुखरूप आहात, हेच खूप. कुलंट निघून गेलं की सेन्सर हवेत उघडा पडतो, आणि कोरडा सेन्सर पाण्यातल्यापेक्षा बराच कमी आकडा दाखवतो. ताकद तीच असताना काटा अचानक कोसळला, तर कुलंट गेलं असं धरून लगेच उतरायचं. कुलंटच्या दाबाचा एक सेन्सर आणि त्याला एक लाल दिवा लावून घ्या. होज फुटली की आधी दाब जातो, त्यामुळे तो दिवा तापमानाच्या काट्याच्या आधी बोलतो.

नवी होज लावून लगेच उडू नका. हाउसिंगांच्या सांध्यांत कुलंटची रबरी सील असतात. रोटर ज्यांत फिरतात त्या हाउसिंग ॲल्युमिनिअमच्या, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या लोखंडी. फार तापलं की दोन्ही वेगवेगळी फुगतात आणि सील भाजतं. चारही स्पार्क प्लग काढा, हातपंपाने कुलंटमध्ये कॅपवर लिहिलाय तेवढा दाब भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी गेजवरचा दाब उतरलेला असेल आणि पंखा हाताने फिरवल्यावर प्लगच्या भोकातून ओल आली, तर इंजिन उघडावं लागेल. दाब टिकला तर इंजिन जमिनीवर चालवून एक्स्पान्शन टाकीत बुडबुडे येतात का ते बघा. भरताना राहिलेली हवा दहा-पंधरा मिनिटांत निघून जाते. त्यानंतरही बुडबुडे येत राहिले आणि थ्रॉटलबरोबर वाढले, तर तो जळलेला वायू आहे, म्हणजे सील गेलंय.