झुडपांखालची माती सुधारली की खारट झाली?

प्रश्न: कोरड्या भागातल्या उजाड कुरणावर काही वर्षांपूर्वी ॲट्रिप्लेक्सची (खाऱ्या जमिनीत वाढणारी चाऱ्याची) झुडपं लावली. आता माती तपासली तर सेंद्रिय कर्ब वाढलाय, पण ईसी (मातीची विद्युत वाहकता, म्हणजे क्षारांचं माप) पण वाढलाय. मग लागवड फायद्याची झाली की तोट्याची?

उत्तर: दोन्ही आकडे खरे असू शकतात, आणि दोन्हीचं कारण एकच, ते म्हणजे पालापाचोळा. ॲट्रिप्लेक्स खाऱ्या जमिनीत तग धरतं कारण मुळांनी ओढलेलं जास्तीचं मीठ ते पानांवरच्या बारीक फुगीर केसांत साठवून ठेवतं, मग पानं गळली की कुजून कर्ब आणि नत्र मिळतं पण सोबत खालच्या थरातलं मीठही वर येऊन पडतं, आणि पाऊस कमी असल्यामुळे ते धुऊन खाली जात नाही. इराणमध्ये उत्तर अमेरिकेतलं ॲट्रिप्लेक्स कॅनेसेन्स कुरणांवर भरपूर लावलंय, तिथल्या माती तपासण्यांतही झुडपाखाली सेंद्रिय पदार्थ, पालाश (पोटॅशियम) आणि क्षार एकत्रच वाढलेले दिसलेत.

ईसी साधारण 4 डेसीसिमेन्स प्रति मीटरच्या वर गेला की माती खारट धरतात. पण खरी काळजी सोडियमची करा, कारण तो वाढला की चिकणमातीचे कण सुटे होतात, वर कडक पापडी धरते आणि पाणी मुरायचं थांबतं. त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसता ईसी बघू नका, सोडियमही तपासून घ्या.

आता मला तुम्हालाच विचारायचंय, नमुना घेतला कुठून? बहुतेक लोक झुडपाच्या बुंध्याजवळून घेतात आणि तिथे कर्बाचे आकडे चांगलेच येणार, कारण वाऱ्याने उडालेली बारीक माती, पाचोळा, बिया सगळं झुडपाशी अडकतं. याला सुपीकतेची बेटं म्हणतात. दोन झुडपांमधली जागा तशीच उघडी आणि टणक असेल तर बेटं तयार झाली, कुरण नाही झालं. माझ्या मते लागवडीची परीक्षा त्या मधल्या जागेतच होते. तिथे गवत यायला लागलं, पाणी मुरायला लागलं तर समजा जमीन सावरतेय. म्हणून झुडपाखालचा, मधल्या जागेतला आणि शेजारच्या लागवड न केलेल्या जमिनीतला असे नमुने वेगवेगळे घ्या, खोली सारखीच ठेवा, एकत्र मिसळू नका.

अजून एक, दाट लावलं म्हणजे जास्त फायदा असं नसतं. चीनच्या लोएस (वाऱ्याने आणलेल्या बारीक मातीच्या) पठारावर 1999 पासून शेतजमिनीवर झाडं-गवत लावायची मोठी मोहीम झाली, धूप कमी झाली, कर्बही वाढला, पण दाट झाडीखाली खोलवरची ओल इतकी उपसली गेली की तिथे कोरडे थर तयार झाले! कोरड्या भागात झाडांची संख्या पाण्याच्या हिशोबानेच ठरवायला हवी.

तुमच्या ठिकाणी मी झुडपं उपटणार नाही. नवीन ॲट्रिप्लेक्स मात्र लावू नका, मधल्या पट्ट्यात त्याच भागातलं बारमाही गवत पेरा. सगळी जमीन नांगरू नका, मातीवरचा शेवाळ-दगडफुलाचा पातळ थर धूप थांबवतो, तो मोडला की परत यायला खूप वर्षं जातात. गवत नीट रुजेपर्यंत चराई बंद ठेवा. पुढची तपासणी पुढच्या वर्षी याच महिन्यात, याच जागांवर करा, कारण पावसाआधीचा आणि नंतरचा ईसी एकमेकांशी जुळतच नाही.