खिशातला चाकू आणि ड्युटीचा चाकू

प्रिय दोस्ता,

अग्निशमन दलात रुजू होण्याआधी एकच भारी घडीचा चाकू घ्यायचा आणि तोच घरी, ट्रेकला, ड्युटीवर वापरायचा, असा तुझा बेत आहे. तुझ्या यादीतले पाचही चाकू उत्तम आहेत. अडचण बेतात आहे. खिशातला चाकू आंबा चिरतो, सुतळी तोडतो, पार्सलची चिकटपट्टी कापतो. ड्युटीवरचा चाकू माणसाच्या छातीवर ताणलेला सीट बेल्टचा पट्टा कापतो. पहिल्याला बारीक टोक आणि पातळ पातं हवं, दुसऱ्याला टोक नसलेलंच बरं. म्हणून दोन घे. यादीतल्या सेबेंझा या एकट्या महागड्या चाकूच्या किमतीत दोन्ही येतील आणि वर पैसे उरतील.

खिशासाठी माझी पहिली पसंती व्हिक्टोरिनॉक्सच्या कॅडेटला. बंद असताना लांबी 84 मिमी, मूठ ॲल्युमिनियमची, खिशात जाणवतसुद्धा नाही. पात्याला लॉक नाही, म्हणून टोकाने भोसकायचं किंवा खुपसून पिळायचं काम त्याला देऊ नकोस. पातं उलटून बोटांवर मिटतं. त्याचं पोलाद मऊसर आहे. धार लवकर उतरते, पण सहाणेवर पाच मिनिटांत परत येते आणि गंजाचा त्रास जवळजवळ नाही. महागड्या पोलादाच्या मागे लागणारे नवखे लोक नेमकं हेच विसरतात: ज्या चाकूला धार लावायचा कंटाळा येतो, तो वर्षभर बोथटच राहतो.

ओपिनेलचा 8 नंबर मला मनापासून आवडतो. फ्रान्सच्या साव्हुआ भागात 1890 पासून बनणारा हा चाकू, पातं 8.5 सेंमी, मूठ बीच लाकडाची, आणि 1955 पासून लॉकसाठी फिरणारी पोलादी कडी. पातं इतकं पातळ की टोमॅटोच्या पारदर्शक चकत्या पडतात. पण आपल्या पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं खाचेत अडकून बसतं. नखाने ओढत बसू नकोस, नख तुटेल. कडी मोकळी कर आणि मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर ठक्कन आपट; पातं आपोआप थोडं वर येतं. कोरड्या दिवसांत सांध्यात जवसाचं तेल दोन-तीनदा मुरव, म्हणजे पाणी कमी शिरेल. कोकणात राहणार असशील तर कार्बन पोलादाचा नको, स्टेनलेसचा घे. कार्बनच्या पात्यावर कैरी कापून तसंच ठेवलंस तर थोड्या वेळात ते काळं पडतं आणि पुढच्या फोडीला लोखंडाची चव लागते.

आता ड्युटीचा चाकू. इथे तीनच प्रश्न विचार: ओल्या हातमोज्याने उघडतो का, त्याच हाताने बंद होतो का, आणि लॉकमध्ये चिखल गेला तर काय होतं.

स्पायडर्को कंपनीच्या चाकूंच्या पात्यातलं गोल भोक पहिल्या प्रश्नाचं अजूनही सगळ्यात सोपं उत्तर आहे. हातमोजा घातलेला अंगठा त्यात बसतो, इतर चाकूंच्या पात्यावरच्या छोट्या खुंटीवरून मात्र घसरतो. तुझ्या यादीतली डेलिका छान आहे, वजन जेमतेम 71 ग्रॅम, पण टोक सुईसारखं आहे. ती खिशासाठी ठेव. ड्युटीला त्याच कंपनीच्या सॉल्ट मालिकेतला, शीप्सफूट म्हणतात त्या बोथट टोकाचा, पूर्ण दातेरी पात्याचा आणि पिवळ्या मुठीचा चाकू शोध. या मालिकेतल्या बऱ्याच चाकूंच्या पोलादात कार्बनची जागा बऱ्याच अंशी नायट्रोजनने घेतलेली असते, त्यामुळे खाऱ्या पाण्यातही ते गंजत नाही. त्याची सरळ धार लवकर उतरते, दातेरी धार मात्र टिकते, आणि पट्टे-दोर कापायला दातेच हवेत. पिवळी मूठ चिखलात पडली तरी विजेरीच्या उजेडात सापडते. काळी सापडत नाही.

बेंचमेडचा बगआउट तू पहिल्या क्रमांकावर ठेवला आहेस. जेमतेम 52 ग्रॅम, आडव्या दांडीचा ॲक्सिस लॉक, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना सारखाच. ट्रेकला जरूर ने. पण त्या दांडीला मागून रेटणाऱ्या दोन बारीक तारेच्या स्प्रिंगा असतात आणि त्या कधीतरी तुटतात. एक तुटली तरी दुसरीवर लॉक चालतो, फक्त ढिला लागतो. तसं जाणवलं की वापर थांबव. लायनर लॉकचं, म्हणजे मुठीच्या आतल्या पट्टीने पातं अडवणाऱ्या लॉकचं, दुखणं वेगळं: ती पत्र्याची पट्टी पात्याच्या टाचेखाली निदान तिसरा हिस्सा तरी सरकलेली दिसली पाहिजे. नुसती कडेला टेकली असेल, तर मूठ पिळली गेल्यावर ती निसटते. मुठीच्या पाठीवरचा लॉक मजबूत असतो, पण त्याच्या खाचेत वाळूचा एक खडा बसला तरी पूर्ण लागत नाही. म्हणून ड्युटीनंतर चाकू उघडा धरून नळाखाली खाच धू, काडीने साफ कर, वाळव, मग सांध्यात तेलाचा एक थेंब.

तेल शिलाई मशीनचं वापर. खोबरेल नको, थंडीत ते थिजतं आणि नंतर चिकट होऊन धूळ धरतं.

स्क्रूसाठी टी-6, टी-8 आणि टी-10 हे चांदणीच्या आकाराच्या टोकाचे पाने बहुतेक सगळीकडे चालतात. पातं हललं तर मुख्य स्क्रू एका वेळी पूर्ण फेऱ्याचा आठवा भाग इतकाच आवळ आणि उघडून पाहा. पुन्हा पुन्हा ढिला होत असेल तर आट्यांवर निळ्या लॉकटाइटचा टिपका दे. लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही.

क्लिपने खिशाला अडकवताना मिटलेल्या पात्याचं टोक वर राहत असेल, तर पात्याची पाठ खिशाच्या मागच्या शिवणीला टेकेल असा चाकू ठेव. मग पातं चुकून उघडायला लागलं तरी शिवण त्याला अडवते. नाहीतर किल्ली काढायला हात घालशील आणि बोटं कापून बाहेर येतील.

धारेबद्दल. दर बाजूने 20 अंश पुरे. अंश डोळ्यांनी कळत नाहीत, म्हणून असं कर: पातं 18 मिमी रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून 6 मिमी वर धर, म्हणजे पेन्सिलीच्या जाडीपेक्षा किंचित कमी. आधी 400 नंबरचा खरखरीत दगड, धारेच्या दुसऱ्या बाजूला टाचेपासून टोकापर्यंत बारीक कंगोरा बोटाला लागेपर्यंत. बोट धारेवरून बाहेरच्या दिशेने फिरव, धारेच्या लांबीत कधीच नाही. मग बाजू बदल, नंतर 1000 नंबरचा बारीक दगड, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हलके हात. दाते मात्र सपाट दगडावर घासलेस तर संपतील. त्यांना निमुळती हिऱ्याची कांडी लागते, ती उतरत्या बाजूनेच प्रत्येक खाचेत फिरवायची.

कायद्याचं थोडक्यात. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याच्या चाकूला शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. घरगुती, शेतीची आणि उद्योगाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तुझे दोन्ही चाकू मापाने लहान आहेत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश असेल तेव्हा खिशातला चाकूही घरी ठेव. ड्युटीचा चाकू ड्युटीच्या पट्ट्यावरच राहू दे. विमानात दोन्ही चेक-इनच्या बॅगेत. बटण दाबताच उघडणारा चाकू घेऊच नकोस. आणि इंग्लंडला भावाकडे जाशील तेव्हा फक्त कॅडेट ने: तिथे सबळ कारणाशिवाय जवळ बाळगायचा चाकू घडीचा, लॉक नसलेला आणि 3 इंचांपर्यंतच्या धारेचाच लागतो.

एक सराव आजच सुरू कर. भंगारवाल्याकडून जुना सीट बेल्ट आण, साधारण 47 मिमी रुंद असतो. खुर्चीला करकचून बांध. हातमोजे ओले करून चाकू उघड, पट्ट्याखाली बोथट टोक सरकव, धार माणसापासून दूर अशी धर आणि तिरपा ओढ. आडवा कापायला गेलास तर पट्टा गोळा होतो आणि दाते अडकतात. तिरपा कापलास तर ताणलेला पट्टा दोन ओढींत जातो. मग त्याच हाताने चाकू बंद कर. बंद करताना बोटं सहज कापतात, तेव्हा तो भाग दुप्पट वेळा कर, आणि डाव्या हातानेही.

तुझा स्नेही