हिरवी पट्टी

सदाशिव पेठ, पुणे

प्रिय मुली,

तुझ्या पाटीचं कच्चं चित्र फोनवर पाहिलं. स्पेस इन्व्हेडर्स हा जुना व्हिडिओ गेम, त्यातले वरून चाल करून येणारे परग्रहावरचे प्राणी निवडलेस, झकास. पण एक प्राणी गुलाबी, दुसरा पिवळा, तिसरा जांभळा हे रांगोळीत शोभेल. या खेळात रंग प्राण्याचा नव्हताच, जागेचा होता. 1978 साली तोमोहिरो निशिकादो यांनी टायटो कंपनीसाठी हा खेळ केला तेव्हा पडदा कृष्णधवल होता आणि त्यावर रंगीत सेलोफेनच्या पट्ट्या चिकटवलेल्या असत. पांढरा प्राणी सरकत खाली आला की पट्टीमागे जाऊन हिरवा व्हायचा. तेच रंगव.

ओळीला 11, अशा 5 ओळी, एकूण 55 प्राणी असतात. सगळे काढत बसू नकोस, हात भरून येतील. तीन जातींचा एकेक घे, एकाखाली एक. प्रत्येक प्राणी छोट्या चौकोनांचा बनलेला असतो: वरचा 8 चौकोन रुंद, मधला खेकडा 11, खालचा 12. उंची तिघांची 8, मधलं अंतरही 8. एक सेंटीमीटरचा चौकोन धरलास तर उंची 40 सेंटीमीटर होते, म्हणजे दोन बाय एक फुटाच्या प्लायवर आरामात बसतं. प्लाय सुताराकडचा उरलेला चालेल. बाकी सामान अप्पा बळवंत चौकात मिळेल.

खेकड्याची सुरुवात मधल्या, सहाव्या उभ्या रांगेपासून कर आणि दोन्हीकडे सारखं मोजत जा. वरून चौथ्या ओळीत डोळ्यांचे दोन चौकोन काळेच ठेवायचे. पाचवी ओळ अख्खी पांढरी. शेवटी पांढरे चौकोन मोज, 46 भरले पाहिजेत. मी एकदा न मोजता रंगवला आणि खेकडा एका शिंगाचा झाला. घरचे अजून त्याला गेंडा म्हणतात.

पाटी आधी काळ्या अ‍ॅक्रिलिकने रंगव, दोन हात. पावसाळ्यात रात्रभर वाळू दे, नाहीतर मास्किंग टेपबरोबर काळाही उचकटतो. टेप लावलास की कडेवरून पुन्हा पातळ काळाच फिरव. फटीत शिरायचा तो काळा शिरेल, मग वरचा पांढरा पसरत नाही. पांढरा ओलसर असतानाच टेप तिरका ओढून काढ.

हिरवा पारदर्शक हवा. कागदावर काळी रेघ मारून वर तो लावून बघ. रेघ धुरकट झाली तर ती ट्यूब ठेवून दे. चांगला निघाला तर मीडियममध्ये, म्हणजे अ‍ॅक्रिलिक पातळ करायच्या पारदर्शक द्रावात, पातळ करून पाटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच आडवा हात मार, खालच्या प्राण्याच्या शेवटच्या तीन ओळींवरून. पाय हिरवे, डोकं पांढरं. आईला ते चुकल्यासारखं वाटेल, वाटू दे.

रुंद फ्लॅट ब्रश विकत घेऊ नकोस, माझा घेऊन जा. रविवारी दुपारी मात्र येऊ नकोस, मी झोपलेलो असतो.

तुझा,
काका