फेटिश आणि आपली करणी

प्रश्न असा आहे: फेटिशिझम म्हणजे काय, शब्द आला कुठून आणि त्याला मराठीत काय म्हणावं?

आधी एक सांगून टाकतो. कुणाला घड्याळं आवडतात म्हणून 'त्याला घड्याळांचं फेटिश आहे' म्हणू नये. ती आवड झाली, फार तर नाद. लैंगिक अर्थ, म्हणजे एखाद्या वस्तूनंच कामभावना जागी होणं, सगळ्यांना ठाऊक असतो. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी तो १८८७ मध्ये मांडला, म्हणजे बराच उशिरा. त्याच्या २० वर्षं आधी मार्क्स यांनी हाच शब्द बाजारातल्या मालाला लावला होता.

गंमत मुळात आहे. पोर्तुगीज खलाशांनी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर लोकांच्या ताईतांना 'फेइतिसो' म्हटलं. हा त्यांच्या घरचाच शब्द, अर्थ जादूटोणा. तो लॅटिन 'फाक्तिकियुस'वरून आला, म्हणजे हातांनी घडवलेलं, कृत्रिम. त्याच्या मुळाशी 'फाकेरे', करणे. आता आपल्याकडे बघा: 'करणे'वरून करणी! संस्कृतात 'कृ'वरून कृत्रिम आणि त्याच 'कृ'वरून अथर्ववेदातली कृत्या, शत्रूवर सोडलेली अभिचाराची शक्ती. एकमेकांशी संबंध नसताना दोन्हीकडे 'केलेलं' या साध्या शब्दाला जादूचा अर्थ चिकटला. माझ्या मते याचं कारण भीती आहे. जे करतात त्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं 'काहीतरी केलंय' म्हणायचं.

'फाकेरे' आणि 'कृ' मात्र सगोत्र नाहीत, ध्वनी जुळतच नाहीत. 'फाकेरे'चा खरा भाऊबंद आपला 'धा' धातू. त्याच 'धा'पासून विधी आणि श्रद्धा! म्हणजे फेटिश आणि श्रद्धा दूरची भावंडं निघतात.

'फेटिशिझम' हा शब्द १७६० मध्ये फ्रेंच विद्वान शार्ल द ब्रॉस यांनी घडवला आणि व्युत्पत्ती साफ चुकवली. त्यांनी तो 'फातुम'शी, दैवाशी जोडला. फातुम म्हणजे बोललं गेलेलं, फेइतिसो म्हणजे केलेलं. बोलणं आणि करणं यांत गल्लत झाली की शब्दाचा प्राणच जातो. तरी ती व्युत्पत्ती अजून कुणी ना कुणी सांगतंच.

'मूर्तिपूजा' हा प्रतिशब्द मला अजिबात मान्य नाही. मूर्ती देवाची असते. फेटिश कुणाचं रूप नसतं, शक्ती त्या वस्तूतच मानलेली असते. म्हणून मी 'भारलेली वस्तू' म्हणतो.