ओएसबी फुगला म्हणून लगेच उचकटू नकोस

अमेरिकेत लाकडी घर उभं राहताना भिंतींना पाऊस लागतोच, घाबरू नकोस. ओएसबी म्हणजे लाकडाच्या चिपट्या गोंदानं दाबून केलेला, भिंतीला बाहेरून ठोकायचा बोर्ड. त्याची शीट पाणी पिते ती कडेनं; सांध्यावरून बोट फिरवलंस की उंचवटा लागतो. वाळल्यावरही तो पुरता बसत नाही. आधी कडेला स्क्रूड्रायव्हर टोचून बघ. टणक असेल तर वाळू दे, मग सँडरनं घासून घे. पापुद्रे सुटत असतील तर शीट बदलायलाच लाव, बिल्डर कितीही ‘चालतंय’ म्हणाला तरी. ओलाव्याचा मीटर घेच. भिंतीत इन्सुलेशन (थंडी-उष्णता अडवणारा थर) भरण्याआधी स्टडमधला, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडी खांबांमधला ओलावा १९ टक्क्यांच्या खाली हवा. आणि दोन शीटमध्ये १/८ इंच फट सोडायला सांग. माझ्याकडे सोडली नव्हती, पहिल्याच पावसात दोघी एकमेकींना रेटून पोट काढून बसल्या.