मुलगा शाळेत प्रतिज्ञा म्हणत नाही

“ताई, तो उभा राहतो, पण तोंड उघडत नाही. टीचरचा फोन आला होता. आमच्या ग्रीन कार्डला काही होणार नाही ना?”

टेक्सासमधल्या एका आईचा हा प्रश्न. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) अमेरिकेतल्या मराठी पालकांकडून तो अधूनमधून येतोच. आधी व्हिसा, मग शेजारीपाजारी, आणि मुलाच्या मनात काय आहे ते सगळ्यात शेवटी.

टेक्सासच्या सरकारी शाळांत रोज दोन प्रतिज्ञा म्हणतात, एक अमेरिकेच्या झेंड्यापुढे, दुसरी टेक्सासच्या. वडिलांचं म्हणणं, “आम्ही नाही का हात पुढे करून ‘भारत माझा देश आहे’ म्हटलं? म्हणून टाकायचं.” गंमत म्हणजे अमेरिकेतली मुलंही १९४२ पर्यंत हात पुढेच करत. नाझी सलामीसारखं दिसतं म्हणून तो छातीवर आला.

आधी भीती कमी करणं भाग होतं. शाळेतली प्रतिज्ञा म्हणजे नागरिकत्वाची शपथ नव्हे. ती म्हटल्याने मुलाचं भारतीय नागरिकत्व जात नाही. न म्हणणं हाही गुन्हा नाही. यहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांनी लढवलेल्या वेस्ट व्हर्जिनियातल्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४३ मध्येच सरकारी शाळांना ही सक्ती करायला मनाई केली. ग्रीन कार्डच्या फाइलबद्दलची शंका मात्र वकिलालाच विचारा, म्हटलं. वडील ढिम्म. मग केरळचं सांगितलं. त्याच पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहत, पण गात नसत. त्यांना शाळेतून काढणं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चुकीचं ठरवलं. हे ऐकल्यावर मात्र ते जरा सरसावून बसले.

टेक्सासच्या कायद्यात पालकांनी लेखी कळवलं तर मुलाला सूट मिळते. म्हणजे चेंडू पुन्हा घरातच. आणि घरात ‘का नको?’ हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. ओरडून झालं होतं, समजावून झालं होतं.

मी मुलाशी एकट्याशी बोलले. सातवीतला पोरगा. म्हणाला, “बाबा दर दिवाळीला म्हणतात, दोन वर्षांत परत जायचंय. मग इथली प्रतिज्ञा म्हणणं खोटं नाही का?”

याला मी बंडखोरी म्हणणार नाही. परत जायचं की राहायचं, हे मोठ्यांनी वर्षानुवर्षं लोंबकळत ठेवलं होतं आणि पोराने ते गंभीरपणे घेतलं होतं. आईवडिलांना म्हटलं, शाळेला सूट मागणारी चिठ्ठी नंतर लिहा, आधी परत जायचं की राहायचं ते त्याच्यासमोर बोला. ठरलेलं नसेल तर तसंच सांगा. टीचरला कळवा की तो शांत उभा राहील, कुणाचा अपमान करायचा नाहीये. वर्गातली मुलं टोकतील, तेव्हा काय म्हणायचं तेही त्याच्याकडून घोकून घ्या.

चिठ्ठीवर सही आईने केली. तो आता अमेरिकेच्या प्रतिज्ञेला गप्प राहतो आणि टेक्सासची म्हणतो. “राहतो तर इथेच ना, हे खरंय.” वडील मला विचारतात, “टेक्सास काय अमेरिकेबाहेर आहे?” त्यांना म्हटलं, हे त्यालाच विचारा.