तुमचे प्रश्न : अपडेट केलं आणि प्रिंटर गेला

प्रश्न : घरच्या राउटरचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट केलं, तेव्हापासून मोबाईलवर नेट चालतंय पण जुना प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब कनेक्टच होत नाहीत, कस्टमर केअरवाले नुसतं रिस्टार्ट करा म्हणतात. खूप वैताग आलाय, काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वैताग येणारच हो, अपडेटने काय बदलणार ते आधी कोणी सांगतच नाही आणि हे चुकीचंच आहे. मोबाईल चालतोय म्हणजे लाइन ठीक आहे, रिस्टार्ट करत बसू नका. बहुतेक वाय-फायची सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ या नव्या पद्धतीवर गेली असणार, ती २०१८ मधे आली, त्याआधीच्या बऱ्याच वस्तूंना ती कळतच नाही. राउटरखालच्या स्टिकरवर १९२.१६८.१.१ सारखा पत्ता असतो, तो ब्राउझरमधे टाकून लॉगिन करा आणि वायरलेस सिक्युरिटीत डब्ल्यूपीए२ (आधीची पद्धत) किंवा मिक्स्ड (दोन्ही चालतील असं) निवडा. बल्ब बहुतेक वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ बँडवरच चालतात, म्हणून दुसऱ्या, ५ गिगाहर्ट्झच्या बँडला वेगळं नाव द्या आणि २.४ ला जुनंच नाव नि पासवर्ड ठेवा, म्हणजे सगळं परत जोडत बसायला नको. आणि कृपा करून चिडून रिसेटचं बटण दाबू नका, ब्रॉडबँडचं युजरनेम-पासवर्डही उडू शकतं! पुढच्या अपडेटआधी सेटिंग्जचा बॅकअप घ्या, आणि लाइट जायची शक्यता असेल तेव्हा अपडेट लावूच नका.